पेरू अंकलचा माचुला

"उभी आहेस ना?"

लिफ्टचं दार उघडलं की समोरून हा प्रश्न यायचा. त्यांच्या इंग्रजीत "स्टिल स्टँडिंग?", पण ज्या काळजीने ते विचारायचे ती माझ्या कानाला मराठीतच ऐकू यायची. हातात भाजीच्या पिशव्या, खांद्याला लॅपटॉप, आंग मो किओच्या ऑफिसातून सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, बुकित बातोकला येईपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला. अशा वेळी कोणी काही न मागता नुसतं 'उभी आहेस ना' विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हणायचे, "आहे अंकल. पडायला वेळ कुठे आहे?"

"गुड," ते म्हणायचे. "पडलं की लोक पायरी करतात."

हे दुसरं वाक्य मला बरीच वर्षं त्यांच्या भाषेतली एखादी म्हण वाटत होतं. आपल्याकडे नाही का, दगडापेक्षा वीट मऊ वगैरे. तसंच काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं.

आमच्या मजल्यावर, आमच्यापासून चौथं दार त्यांचं. जहाजावर बोसन होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. मूळचे पेरू देशातल्या उंच डोंगरातले. तिथे ढग माणसांच्या खाली असतात, असं ते सांगायचे. घरात बोलायची भाषा केचुआ, शाळेत मार खायची स्पॅनिश, आणि जहाजावर शिव्या द्यायची इंग्रजी. सिंगापूरच्या एका नर्सशी लग्न करून इथे राहिले, ती गेल्यावर एकटेच राहिले. ठेंगणे, पिंपासारख्या छातीचे, आणि इथल्या घामट हवेतही डोक्याला लोकरीची टोपी. कान झाकणारी. बघूनच मला उकडायचं.

आमच्या लेकीने, सईने, त्यांचं नाव पेरू अंकल ठेवलं होतं. आमच्या भाषेत तुमचा देश म्हणजे एक फळ आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते आधी गंभीर झाले. मग मी तिखटमीठ लावून दिलेली पेरूची फोड खाऊन म्हणाले, "म्हणजे तुझ्या गावात माझा देश झाडाला लागतो. चांगलं आहे."

मला ते कोमाद्रे म्हणायचे. तुझ्या पोराला मी आशीर्वाद दिला, की तू माझी कोमाद्रे. बहीण नव्हे, वहिनी नव्हे, पण दोघींपेक्षा पक्की. कोमाद्रेला फसवणाऱ्याला नरकातही वेगळी खोली असते, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ते वाक्य जरा लक्षात ठेवा.

ओळख झाली ती पानांवरून. घरात सत्यनारायण होता, दार उघडं होतं. पूजा आटोपली तसे हे गृहस्थ उंबऱ्याशी येऊन उभे. टोपी हातात. चौरंगावरच्या विड्याच्या पानांकडे बोट दाखवून म्हणाले, "मला तीन मिळतील? डाग नको, भोक नको, टोक तुटलेलं नको."

मी दिली. तीन पानं त्यांनी पंख्यासारखी बोटांत धरली, तोंडाजवळ नेली आणि बुकित बातोकच्या टेकडीच्या दिशेने हलकेच फुंकर मारली. त्यांच्या गावी हे कोकाच्या, म्हणजे ज्यापासून कोकेन करतात त्या झाडाच्या, पानांनी करतात. "ती पानं इथे आणली तर..." असं म्हणून त्यांनी मानेला दोरी लावल्याची खूण केली. "तुझी पानं चालतील. डोंगर म्हातारा झालाय, त्याला नीट दिसत नाही."

बातोक म्हणजे मलय भाषेत खोकला. पूर्वी इथे खडी फोडायचे, सुरुंगांच्या आवाजावरून खोकणारा डोंगर असं नाव पडलं म्हणतात. अंकलना ते भारी आवडायचं. खोकतो म्हणजे जिवंत आहे!

त्या पूजेच्या दिवशीच त्यांनी मला माचुला दाखवला. माचुला म्हणजे आजोबा. त्यांच्या दाराबाहेर, कढीपत्त्याची कुंडी आणि चपलांचं कपाट यांच्या मध्ये, सिमेंटवर एक दगड उभा होता. दीड वीत उंच, राखाडी, त्यात गुलाबी ठिपके. मी इतके दिवस त्याला कुंडीचा टेकू समजत होते.

"आमच्याकडे शेताच्या मधोमध असा दगड उभा असतो," ते म्हणाले. "ज्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा ती जमीन खणली, तो मेला नाही. दगड होऊन उभा राहिला. शेत त्याचं. आम्ही नुसते कसतो. पेरणीला आधी त्याला, काढणीला आधी त्याला. मक्याची दारू, पानं. उपाशी ठेवला तर गारा पाडतो. गारा पडून गेल्या की सगळ्यात आधी धावत जाऊन त्याला विचारायचं, उभा आहेस ना? तो उभा तर गाव उभं."

बाई गं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी मालवणाकडची. आमच्या शेताच्या बांधावरही असाच एक दगड होता, राखणदाराचा. दिसत नाही, पण रात्रंदिवस हद्द राखतो. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, नारळ आणि कोंबडा. वडील उघड्या अंगाने उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. मोठ्याने, अगदी समोरच्या माणसाशी बोलावं तसं. आणि आम्ही पोरं प्रत्येक वाक्याला ओरडायचो, व्हय म्हाराजा! पुढे वडील गेले, चुलत्यांनी जमीन काढून टाकली, कुंपण पडलं. राखणदाराचं काय झालं ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

"अंकल, हा तर आमचाच!" मी म्हटलं.

"हा माझा," ते म्हणाले. "गावच्या मोठ्या माचुलाचा तुकडा. निघताना माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने दिला. सगळे समुद्र पाहिलेत याने. रॉटरडॅमला याला सर्दी झाली होती."

अशा गोष्टी ते सांगत आणि मी ऐकत बसे. कॉफी पिण्याआधी पहिला घोट ते जमिनीवर सांडायचे. खालच्या हॉकर सेंटरमधली टेबलं पुसणारी बाई यावरून रोज फडकं घेऊन त्यांच्या अंगावर धावून जायची. "इथून पायाखाली सरळ भोक पाडलं," ते तिला समजावत, "तर दुसऱ्या टोकाला जवळपास माझं गाव निघेल. म्हाताऱ्यांना तहान लागते." ती इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी चिकटवून म्हणे, "आधी फरशी पूस, लाह!"

एकदा त्यांनी गावासारखे सुकवलेले बटाटे करायचा घाट घातला. तिकडे म्हणे रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवतात आणि सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात. यांनी फ्रीजरमध्ये गोठवले आणि कॉरिडॉरमध्ये अनवाणी तुडवायला घेतले. सईसुद्धा त्यात उतरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर असा काही वास सुटला, की मी अगरबत्तीचा अख्खा पुडा जाळला. म्हाताऱ्याचा उत्साह बघून रागवायचंही जमेना.

तर असा हा माणूस. सांगा, तुम्ही विश्वास ठेवला नसता?

नवरा माझा जहाजावर चीफ इंजिनियर. एका दुपारी ऑफिसात फोन आला. जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली आहे, संपर्क तुटला आहे. कंपनीचा माणूस फारच गोड बोलत होता. "मॅडम, वुई आर मॉनिटरिंग." अरे, मॉनिटरिंग काय करतोस मेल्या, माणूस जिवंत आहे का सांग! पण ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी कशी आले आठवत नाही. लिफ्टचं दार उघडलं.

"उभी आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच.

त्यांनी धीर दिला नाही, देव आहे वगैरे म्हटलं नाही. आत जाऊन एक स्टूल आणलं, मला माचुलासमोर बसवलं आणि माझ्याच घरून तीन पानं आणून माझ्या हातात दिली. "त्याला सांग."

"कुठल्या भाषेत?"

"तुझ्या. म्हातारा आहे तो, त्याला सगळं कळतं."

मी उठून उभी राहिले. कुठून आलं कोण जाणे, वडिलांचाच आवाज माझ्या तोंडून निघाला. "बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेक परमुलुखात तुझ्या पायाकडे उभी रवली हा. तिचो घोव दर्यात आसा. बोटीक आग लागली हा. तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा!"

आणि पुढे शांतता. गाऱ्हाण्याला हुंकार लागतो हो. हुंकार नसेल तर ते देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी रडत रडत त्यांना म्हटलं, "तुम्ही म्हणा! व्हय म्हाराजा म्हणा!"

त्यांनी टोपी काढली आणि कॉरिडॉर दणाणून सोडला. "हुआय माराचा!"

"जोपर्यंत तो दर्यावर जाता, तोपर्यंत वर्षाक तुका कोंबड्याची राखण देयन, म्हाराजा!"

"हुआय माराचा!"

समोरच्या ब्लॉकमधल्या खिडक्या उघडल्या. मला कसली लाज! पुढचे काही दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या दगडापुढे भात ठेवत होते, हळदकुंकू वाहत होते, चिंचेने घासून न्हाऊ घालत होते. आणि एका सकाळी फोन वाजला. घोगरा, धुराने खरवडलेला आवाज. "अगं, मी बोलतोय." मी फोन हातात घेऊन आधी माचुलाकडे धावले आणि मग नवऱ्याशी बोलले. नवऱ्याने हे अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

हाताला बँडेज बांधून तो घरी आला तेव्हा मी त्याला माचुलाच्या पाया पडायला लावलं. "आग कार्बन डायऑक्साइडने विझली," तो वाकता वाकता पुटपुटला. "इंजिनरूम बंद करून सोडला होता." म्हटलं, असू दे, तो कोणी सोडायला लावला?

राखण मी दिली. सिंगापुरातल्या फ्लॅटबाहेर कोंबडा कापला असता तर शेजाऱ्यांनी पोलीसच बोलावले असते. म्हणून खालून चिकन राइसचं पाकीट आणलं, नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं. हुंकार अंकलचा. नंतर चिकन राइस त्यांनीच खाल्ला. "वास त्याचा, मांस माझं." नवरा बरा होऊन पुन्हा बोटीवर गेला, आणि मी निर्धास्त झोपायला लागले. बोटीवरच्या माणसाशी लग्न केलेल्या बाईला निर्धास्त झोप म्हणजे काय, हे तिलाच विचारा.

मग आली ती उबीनची सहल. नवरा सुट्टीवर होता. रविवारी होडीने पुलाउ उबीनला गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या, तंगड्या दुखेपर्यंत फिरलो आणि नारळपाणी प्यायला एका टपरीवर टेकलो. त्या बेटावर पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. टपरीच्या कडेला, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, ओळीने दगड उभे होते. दीड वीत उंच, राखाडी, गुलाबी ठिपक्यांचे.

"मम्मी, लुक!" सई किंचाळली. "सो मेनी माचुला!"

टपरीवाली म्हातारी चिनी आंटी हसली. "तुम्ही त्या टोपीवाल्या, पेरू देशातल्या अंकलच्या ओळखीचे? हा शब्द त्याच्याच तोंडी ऐकला होता मी. त्याने नेला एक इथून. बायको गेली त्या वर्षी. सायकलच्या कॅरियरला बांधून नेला. दाराला टेकू लावायचाय म्हणाला."

दाराला टेकू.

मी अर्धा प्यालेला नारळ तसाच टाकून उठले. परतीच्या होडीत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नवरा आगीत होता, माझं कुंकू पणाला लागलं होतं, आणि या माणसाने मला दाराच्या टेकूपुढे बसवलं? भात वाहायला लावला? वर हुआय माराचा म्हणाला? केसाने गळा कापणं म्हणतात ते यालाच. दगडाला शेंदूर फासला की देव होतो हे ठाऊक होतं मला, पण फासणाऱ्याने सांगावं तरी, की बाई, हा खाणीतला आहे.

मी घरी न जाता थेट त्यांच्या दारात गेले. ते बाहेरच होते, कढीपत्त्याला पाणी घालत.

"उभी आ..."

"उबीनहून आणलात ना हा?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "हो."

"आजोबांनी दिला म्हणालात! रॉटरडॅमला सर्दी झाली म्हणालात!"

"ती मला झाली होती," ते म्हणाले.

मी हसले नाही. मग ते स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गावचा माचुला मी पाडला, कोमाद्रे. एक धर्मोपदेशक आला होता. म्हणाला हा सैतान आहे, हा पडला की तुमचं भलं होईल. आम्ही तरुण पोरांनी दोर बांधले. सगळ्यात दांडगा मी, पुढचा दोर माझ्या हातात होता. दगडाचे दोन तुकडे झाले. प्रार्थनाघराची पायरी केली त्यांची. माझे आजोबा त्या पायरीवर कधी चढले नाहीत. माझ्याशीही बोलले नाहीत. मी डोंगर उतरलो आणि बोटीवर चढलो. आजोबा वारले तेव्हा मी कुठल्या समुद्रात होतो, तेही मला माहीत नाही."

पडलं की लोक पायरी करतात. म्हण नव्हती ती.

"इतकी वर्षं खायला घालतोय याला," ते म्हणाले. "माझं कधीच ऐकलं नाही. का ऐकेल? हा नुसता दगडच होता. तू ओरडलीस आणि ऐकलं त्याने. मी पाहिलं, कोमाद्रे. तुझ्या नवऱ्याचा फोन आला त्या सकाळी याला घाम फुटला होता."

त्या क्षणी मला त्यांची कणव आली असं लिहिलं, तर ते खोटं होईल. मला फक्त एवढंच कळत होतं, की माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी या माणसाने मला खोटं सांगितलं. "तुम्ही मला सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू गाऱ्हाणं घातलं असतंस?"

"नसतं घातलं!"

"मग?"

हे 'मग' त्यांनी इतक्या साध्या सुरात विचारलं, की माझं डोकं आणखीच सणकलं. कोमाद्रेला फसवणाऱ्याला वेगळी खोली असते ना, जा तिकडे, असं म्हणून मी दार आपटलं.

बोलणं बंद. लिफ्टपाशी ते दिसले की मी मोबाइलमध्ये तोंड खुपसायचे. ते प्रश्न विचारायचे सोडेनात. मी उत्तर देत नसे. सई मात्र मुद्दाम मोठ्याने, "स्टँडिंग, अंकल, स्टँडिंग, लाह!" म्हणायची. ते खोकायला लागले होते. मला वाटलं, लक्ष वेधून घ्यायला खोकतात.

नवरा पुन्हा बोटीवर चढला आणि राखणीचा दिवस जवळ येऊ लागला. आता काय करायचं? दगड खोटा, हे डोक्याला कळत होतं. पण नवस तर खरा होता! बोललेला नवस फेडला नाही तर काय होतं, हे मालवणच्या मुलीला सांगावं लागत नाही. आणि नवरा पाण्यावर. दोन दिवस मनाशी भांडले, मग स्वतःलाच म्हटलं, कपाळ माझं, टेकू तर टेकू. खालून चिकन राइसचं पाकीट घेतलं, नारळ घेतला. अंकलशी बोलायचं नाही, फक्त हुंकार द्यायला सांगायचं, असंही ठरवलं. आणि त्यांच्या दाराशी गेले.

कढीपत्ता होता. चपलांचं कपाट होतं. मध्ये सिमेंटवर एक गोल पांढरट डाग होता, कुंडी हलवल्यावर राहतो तसा. कडेला थोडं कुंकू.

दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, ते गेले, फ्लॅट सोडून कायमचे आपल्या देशात गेले. दगड गाठोड्यात बांधून पाठीवर घेतला होता, टॅक्सीवाल्याने डिकीत ठेव म्हटलं तर ऐकेनात.

मी हातात चिकन राइस घेऊन उभी. सांगा, याला काय म्हणायचं? आधी खोट्याला खरं म्हणून दिलं. आणि मी रडतभेकत, घासूनपुसून, बोंबलून त्या खोट्याचा खरा केला, तेव्हा उचलून घेऊन गेला! एक शब्द नाही. माझा होता तो आता! नवरा पाण्यावर आणि राखणदार पेरूत!

मग एक दिवस फोनवर फोटो आला. करड्या, गवताळ उतारावर एक नांगरलेलं शेत. मागे बर्फाचा डोंगर. शेताच्या मधोमध, बारक्या दगडांच्या चौथऱ्यावर, आमचा माचुला. कपाळावर माझ्या कुंकवाची पुसट रेघ. खाली दोनच शब्द लिहिलेले. "स्टिल स्टँडिंग."

गोड वाटलं असेल म्हणता? मी भडकले. त्याच मिनिटाला फोन तोंडाशी धरला आणि कॉरिडॉरमध्ये, त्या पांढऱ्या डागासमोर उभी राहून गाऱ्हाणं घातलं. मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रारही होते ना, ती दोन्ही एकदमच घातली. नवऱ्याला सांभाळ म्हटलं. राखण तिकडेच घे म्हटलं, याच्याकडून वसूल कर म्हटलं. आणि शेवटी मनातलं सगळं ओकले. "ह्या लबाड म्हाताऱ्यान माका फसवल्यान, म्हाराजा! एकदा न्हय, दोनदा फसवल्यान! ह्येका बरो धडो शिकव, म्हाराजा!" आणि इंग्रजीत त्यांना सांगितलं, हे त्याच्यासमोर मोठ्याने वाजवा, एक शब्दही गाळू नका.

उत्तर आलं नाही. ऐकल्याची निळी खूण दिसली, तेवढंच. नवरा त्या खेपेला सुखरूप आला, आणि त्याचं श्रेय मी कोणालाच दिलं नाही. चिडलेलीच होते.

बऱ्याच महिन्यांनी त्याच नंबरवरून आवाज आला, पण अंकलचा नव्हे. त्यांचा पुतण्या होता, मोडक्या इंग्रजीत अडखळत बोलणारा. काका बटाट्याच्या काढणीत गेले, म्हणाला. छातीचं दुखणं सिंगापुरातच कळलं होतं त्यांना, म्हणूनच घरी परतले. माचुलाच्या चौथऱ्याशीच त्यांना पुरलंय.

म्हणजे तो खोकला खरा होता. आणि तेही मला सांगितलं नाही! अहो, कोमाद्रे म्हणायचात ना? चौथं दार होतं तुमचं. मी चिडून तोंड फिरवलं तरी दार ठोठावायचंत. मी उघडलं असतं. नक्की उघडलं असतं. आता हे कोणाला सांगू?

पुतण्याने पुढे सांगितलं, की तुमचं ते गाणं, त्याला ते गाणं वाटत होतं, काका माचुलासमोर वाजवायचे. आधी गावातलं कोणी यायचं नाही, दोर ओढणारा म्हणून त्यांना सगळे ओळखत होते. मग हळूहळू एकेक म्हातारी पानं घेऊन यायला लागली. कुठे थांबायचं आणि काय ओरडायचं हे काकांनीच सगळ्यांना शिकवलं. यंदा पेरणीला काका नव्हते, तरी आम्ही वाजवलं. ऐका.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन ऐकलं. आधी नुसता वारा, मग एक कुत्रं. मग माझाच आवाज, फोनमधून फोनमध्ये आलेला, चिरका, भांडकुदळ. माझ्या घोवाक सांभाळ, म्हाराजा! आणि बायका, पुरुष, पोरं, अख्खं गाव, "हुआय माराचा!" राखण वसूल कर, म्हाराजा! "हुआय माराचा!" आणि मग ते आलं. ह्या लबाड म्हाताऱ्यान माका फसवल्यान, म्हाराजा! तिकडच्या त्या बिचाऱ्या माणसांना काय कळणार मी काय म्हणतेय ते? त्यांनी मनापासून, डोंगरापर्यंत पोचेल असा हुंकार दिला.

"हुआय माराचा!"

मी पुन्हा पुन्हा ऐकलं. सगळ्यांचे आवाज होते. अंकलचाच तेवढा नव्हता.